नागपुरात बसून फिलॉसॉफी कशी वाचायची: नव्यानं येणाऱ्यांसाठी

फिलॉसॉफीला ॲडमिशन झाली की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच काम करतात, टेलिग्रामवर कोणीतरी टाकलेलं चारपाच जीबीचं फोल्डर उतरवून घेतात, प्लेटोपासून देरिदापर्यंत सगळे त्यात बसलेले असतात, आणि मग परीक्षेपर्यंत ते फोल्डर कोणी उघडत नाही. बीएवाले असोत, एमएवाले असोत, नेट-सेटवाले असोत की यूपीएससीत ऑप्शनल घेतलेले, प्रश्न सगळ्यांचा तोच: "दादा, पुस्तकं कोणती घेऊ?" माझं म्हणणं आहे की अजून काहीच घेऊ नका. यादी घेऊन सुरुवात केली की माणूस पहिल्याच पुस्तकाच्या पन्नासाव्या पानावर अडकून बसतो. त्यापेक्षा एक प्रश्न घ्या, एकच, आणि तो घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात रहा. मग कोणती साइट कशाच्या कामाची आहे ते आपोआप समजते आणि शेवटी कोणत्या पुस्तकावर पैसे टाकायचे तेही कळून जाते.

मी इथे एक प्रश्न धरूनच सगळं सांगतो. चार्वाक, म्हणजे आपल्याकडचे जुने भौतिकवादी, म्हणतात, अनुमानावर भरवसा ठेवता येत नाही. धूर दिसला म्हणून आग आहे म्हणता, पण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग हे तुम्ही पाहिलं कुठे? मागच्या काळातला धूर पाहिला नाही, पुढचा पाहणार नाही, मग व्याप्ती, म्हणजे धूर-आगीचा हा कायमचा संबंध, आली कुठून? भारतीय दर्शनांचा कोणताही सिलॅबस घ्या, चार्वाक असतातच, आणि बहुतेक नोट्समध्ये "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्" एवढं सांगून त्यांना निपटवून टाकलेलं असते. खरा मामला या धुराआगीतच आहे.

1. आधी मराठीत

हे ऐकून काही लोक नाक मुरडतात, म्हणतात फिलॉसॉफी तर इंग्लिशमध्येच आहे. असू द्या ना. पण ज्याचं ग्रॅज्युएशन मराठीत झालं त्यानं डायरेक्ट इंग्लिश लेखावर उडी मारली तर अर्धा वेळ भाषेशी झगडण्यात जाते आणि युक्तिवाद राहून जातो. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, जुन्या छापील खंडांतल्या नोंदीही आणि नंतर लिहिलेल्या नव्या नोंदीही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, त्यामुळे दर्शनांच्या नोंदी उगाच भरल्यासारख्या नाहीत. चार्वाक, न्यायदर्शन, अनुमान, प्रमाण अशा नोंदी एका बैठकीत वाचा. दोनतीन तासांत प्रश्नाचा नकाशा डोक्यात येते.

पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश आहे, सरकारच्या शब्दकोशांच्या साइटवर सर्च होतो, तो मोबाइलवर बुकमार्क करून ठेवा, उत्तरं मराठीत लिहिणाऱ्यांना तर रोज लागतो. आणि ज्यांना खोलात जायचं त्यांनी लायब्ररीच्या संदर्भ विभागात दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश मागावा, 1974 चा आहे, तीन खंड. बरेचदा वरच्या फळीवर धूळ खात पडलेला असते, लायब्ररीतल्या काकांना थोडं गोड बोलून काढून घ्यावा लागते.

आता नागपूरचं म्हणून सांगायलाच पाहिजे. दि. य. देशपांडे यांनी एप्रिल 1990 मध्ये इथूनच 'नवा सुधारक' नावाचं मासिक काढलं, तेच पुढे 'आजचा सुधारक' झालं. त्यांनी विवेकवादावर जे लेख लिहिले ते मराठी गद्यात युक्तिवाद कसा मांडायचा याचा नमुना आहेत, एकेक वाक्य मोजून टाकलेलं, कुठे भावनेचा फुगा नाही. जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. त्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही, मला तर ठिकठिकाणी वाद घालावासा वाटते, पण ज्याला उत्तरपत्रिकेत मुद्देसूद लिहायचं आहे त्याला याहून चांगला क्लास नाही. सुरेंद्र बारलिंगे हेही मूळ नागपूरचेच, भारतीय तर्कशास्त्रावर 1965 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, ते आपल्या प्रश्नाला सरळ लागू होते, कारण अनुमान म्हणजे काय हेच त्यात आधुनिक तर्कशास्त्राच्या भाषेत उलगडलेलं आहे.

पाठ्यपुस्तकं म्हणाल तर ग. ना. जोशींचा 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' आणि श्रीनिवास दीक्षितांचं 'भारतीय तत्त्वज्ञान' या दोनांवर मराठी मीडियमच्या पिढ्या पास झाल्या. नवीन नाहीत, भाषा थोडी जड आहे, पण पाया पक्का होते. चार्वाकांपुरतं सदाशिव आठवल्यांचं 'चार्वाक: इतिहास आणि तत्त्वज्ञान' छोटं आणि बरं आहे.

2. मग इंग्लिश, पण उलट्या क्रमानं नको

सगळे सर पहिल्याच दिवशी स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफीचं नाव सांगतात. बरोबरच आहे, 1995 पासून चालू आहे, फुकट आहे, प्रत्येक नोंद त्या विषयातला जाणकार लिहितो, दुसरे जाणकार तपासतात आणि नंतर ती सुधारतही राहतात. पण नव्या माणसाला ती जड जाते, कारण बऱ्याच नोंदी अर्ध्या विषय माहीत असलेल्यांसाठीच लिहिलेल्या आहेत. म्हणून मधे एक पायरी घ्या, इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी. तीही 1995 चीच, तीही फुकट, भाषा सोपी. तिथे भारतीय भौतिकवादावर म्हणजे लोकायत-चार्वाकांवर स्वतंत्र लेख आहे, तो आधी वाचा. याहूनही छोटं पाहिजे असेल तर वन थाउजंड वर्ड फिलॉसॉफी नावाची साइट आहे, प्रत्येक विषय हजार शब्दांच्या आसपास, बसमध्ये वाचून होते.

आता स्टॅनफर्डवर जा. आपल्या प्रश्नाला तिथे तीन दरवाजे आहेत. एक, अभिजात भारतीय ज्ञानमीमांसेवरची स्टीफन फिलिप्सची नोंद. दोन, जयराशीवरची नोंद. हा चार्वाकांतला जयराशी म्हणजे फार भारी माणूस, यानं अनुमानच काय प्रत्यक्षालाही, म्हणजे इंद्रियांनी मिळणाऱ्या ज्ञानालाही, सोडलं नाही, त्याच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' ग्रंथाचं हस्तलिखित 1926 मध्ये सापडलं आणि 1940 मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापलं गेलं, त्याआधी लोकांना हा ग्रंथ जवळजवळ ठाऊकच नव्हता. तीन, ह्यूमच्या नावानं ओळखला जाणारा प्रॉब्लेम ऑफ इंडक्शन, त्यावर वेगळी नोंद आहे. ह्यूमनं 1748 च्या एन्क्वायरीत जे विचारलं, की उद्या सूर्य उगवेल हे कशावरून, ते आणि चार्वाकांचं व्याप्तीबद्दलचं म्हणणं शेजारी ठेवून पहा. सारखंच आहे की वेगळं? परीक्षेत तुलनात्मक प्रश्न आला तर हेच कामी येते आणि नाही आला तरी डोक्यात घोळत राहते.

स्टॅनफर्डची नोंद वाचायची पण एक रीत आहे. सगळी वरपासून खालपर्यंत वाचायला जाऊ नका, काही काही नोंदी छोट्या पुस्तकाएवढ्या असतात. आधी प्रस्तावनेचे दोनतीन पॅरा, मग अनुक्रमणिकेतून आपल्या कामाचा भाग, आणि मग थेट शेवटी, जिथे बिब्लिओग्राफी आणि संबंधित नोंदींची यादी असते. त्या नोंदीचं अर्धं सोनं तिथेच आहे. त्या बिब्लिओग्राफीत जी नावं पुन्हा पुन्हा दिसतात तीच तुमची वाचनाची यादी. आणि असाइनमेंटमध्ये संदर्भ द्यायचा असेल तर नोंदीच्या बाजूला संदर्भ कसा द्यायचा त्याची माहिती असते, ती दर तिमाहीच्या जपून ठेवलेल्या आवृत्तीची लिंक देते, तीच टाका, कारण चालू पान उद्या बदलू शकते.

एक सांगून ठेवतो, ब्राउझरमधून पूर्ण पान मराठीत ट्रान्सलेट करून वाचू नका. अंदाज घ्यायला ठीक आहे, पण युक्तिवादातलं 'जर' आणि 'तरच' इकडचं तिकडे होऊन जाते आणि मग तुम्ही लेखकाच्या तोंडी भलतंच घालता.

3. मूळ ग्रंथ

इथपर्यंत आलात की मूळ ग्रंथ उघडाच, थोडा का होईना. चार्वाकांचा युक्तिवाद सगळ्यात नीट एका जागी मिळतो तो माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या पहिल्या प्रकरणात, चौदाव्या शतकातला ग्रंथ. विरोधकानं लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचायचं, तरी मांडणी प्रामाणिक आहे: व्याप्ती प्रत्यक्षानं कळत नाही, अनुमानानं म्हणाल तर त्या अनुमानाला दुसरी व्याप्ती पाहिजे, म्हणजे अनवस्था, न संपणारी साखळी, शब्दप्रमाणानं, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्यानं, म्हणाल तर तेही शेवटी अनुमानावरच टेकते. पानं मोजकी आहेत. र. पं. कंगल्यांचा मराठी अनुवाद आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेला. मंडळ आपली बरीच पुस्तकं साइटवर फुकट पीडीएफमध्ये देते, तिथे आधी शोधा. इंग्लिशमध्ये कॉवेल आणि गॉफ यांचा 1882 चा अनुवाद इंटरनेट आर्काइव्हवर आहे.

यावर नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, उत्तर पाहायचं असेल तर उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमांजली', त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शंका घ्या, पण जिथे तुमची शंका तुमच्याच वागण्याशी भांडायला लागते तिथे ती संपली. अनुमानावर भरवसा नाही म्हणणारा माणूस भूक लागल्यावर जेवायलाच बसतो ना. मला हे उत्तर आवडते, पण ते पुरेसं आहे का ते तुम्ही ठरवा.

संस्कृत येत असेल तर ग्रेटिल म्हणजे ग्योटिंगेन विद्यापीठाचा संग्रह आहे, तिथे ग्रंथ सर्च करता येईल अशा टाइप केलेल्या रूपात मिळतात, आणि मोनियर विल्यम्स, आपटे असे कोश कोलोन विद्यापीठाच्या साइटवर. संस्कृतात अडलात तर रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ आपल्या हाकेवर आहे, तिथल्या विद्यार्थ्यांशी ओळख करून ठेवा, आपल्याला त्यांचं व्याकरण लागते आणि त्यांना आपली फिलॉसॉफी, देवाणघेवाण होऊन जाते.

पाश्चात्त्य बाजूला देकार्त, लॉक, ह्यूम, कांट हे वाचताना जुन्या इंग्लिशनं घाम फुटतो. त्याच्यासाठी जोनाथन बेनेट यांनी केलेली अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स नावाची साइट आहे, त्यांनी मूळ ग्रंथ आजच्या सोप्या इंग्लिशमध्ये आणून ठेवले, कुठे काय गाळलं आणि काय जोडलं त्याच्या खुणाही केल्या. ह्यूमची एन्क्वायरी तिथे आहे, चौथा भाग वाचा. मात्र थिसिसमध्ये कोट करायचं तर मूळ आवृत्तीतूनच करा. प्लेटोचे जोवेटनं केलेले अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत.

पीडीएफ कायदेशीर आहे की नाही हे बरेच जण विचारतात, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. आपल्याकडे लेखक वारल्यानंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट राहतो. सुरेंद्रनाथ दासगुप्ता 1952 मध्ये गेले, हिरियण्णा 1950 मध्ये, म्हणजे दासगुप्तांचा भारतीय तत्त्वज्ञानाचा पाच खंडांचा इतिहास आणि हिरियण्णांचं 'आउटलाइन्स' दोन्ही बिनधास्त उतरवा. राधाकृष्णन 1975 मध्ये गेले, त्यांचं 2035 संपेपर्यंत चालते. रसेल 1970, म्हणजे 2030 अखेरपर्यंत. दासगुप्ता वाचायला कठीण, हिरियण्णा वाचायला गोड, सुरुवात हिरियण्णांपासून करा.

4. रिसर्च पेपर

बीएवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालते. एमएच्या दुसऱ्या वर्षाला आणि पीएचडीवाल्यांना मात्र हाच लागतो.

फिलपेपर्स ही फिलॉसॉफीची सगळ्यात मोठी सूची, डेव्हिड बुर्जे आणि डेव्हिड चामर्स यांनी उभी केलेली. विषयवार कप्पे केलेले आहेत, चार्वाक टाका, इंडक्शन टाका, कोण काय लिहून राहिलं ते दिसते. पूर्ण लेख मिळेलच असं नाही, पण त्याचंच भावंड फिलआर्काइव्ह आहे, तिथे लेखकांनी स्वतः टाकलेल्या प्रती फुकट असतात. फिलॉसॉफर्स इम्प्रिंट आणि एर्गो ही दोन चांगल्या दर्जाची जर्नल्स सगळ्यांना खुली आहेत. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट अकाउंट काढलं की महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत, वाचून नोट्स काढायच्या.

आता जे बहुतेकांना माहीतच नाही ते. 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन चालू झालं. केंद्र सरकारनं तीन वर्षांसाठी 6,000 कोटी ठेवले, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स सरकारी विद्यापीठं आणि सरकारी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना खुली केली, काम इन्फ्लिबनेट ही यूजीसीची संस्था पाहते. स्प्रिंगर त्यात आहे, म्हणजे जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी आणि भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेचं जर्नल हे दोन्ही त्यात आले. केंब्रिज, ऑक्सफर्ड, टेलर अँड फ्रान्सिस, सेज हेही. ज्या लेखासाठी आधी साइट तीसचाळीस डॉलर मागायची तो आता कॉलेजच्या लॉगिनवर उघडतो. तुमचं कॉलेज त्यात बसते का, लॉगिन कसं मिळते, हे लायब्ररीत जाऊन विचारा. एकदा विचारून "माहीत नाही" आलं तरी सोडू नका, पुन्हा जा, लेखी अर्ज द्या. खाजगी अनुदानित कॉलेज असेल तर एन-लिस्ट नावाची वेगळी योजना आहे, कॉलेजनं वर्षाची फी भरलेली असली की तुम्हाला युजरनेम-पासवर्ड मिळते. फी भरलेली असते आणि विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, असंही होते.

तरी नाही मिळालं तर लेखकाला सरळ मेल करा. दोन ओळी, मी अमुक, नागपूरला शिकतो, तुमचा हा लेख पाहिजे. बरेच लेखक आनंदानं पाठवतात, वाचणारा कोणीतरी भेटला म्हणून.

शोधगंगा तर पीएचडीवाल्यांनी सगळ्यात आधी उघडायची गोष्ट. देशभरातल्या विद्यापीठांचे थिसिस प्रकरणवार पीडीएफमध्ये आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचेही. त्याचा उपयोग दोन कामांना: आपला विषय कोणी आधी करून ठेवला का ते पाहणं, आणि मागची संदर्भसूची. दर्जाचं म्हणाल तर काही थिसिस डोळे उघडणारे आहेत आणि काही एकमेकांची झेरॉक्स. भारतीय विषयावर काम असेल तर कार्ल पॉटरची भारतीय तत्त्वज्ञानाची बिब्लिओग्राफी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या साइटवर आहे, कोणत्या ग्रंथावर कोणी कधी काय लिहिलं ते त्यात पहा.

5. नवी पुस्तकं: आधी परीक्षण, मग पैसे

नवं पुस्तक बाहेरच्या प्रकाशकाचं असलं की हजारात जाते, कधी पाचसहा हजार. म्हणून नोटर डेम फिलॉसॉफिकल रिव्ह्यूज हे नाव लिहून ठेवा. 2002 पासून फिलॉसॉफीच्या नव्या पुस्तकांची परीक्षणं फुकट देतात, जाणकार माणसं लिहितात, लांबलचक, पुस्तकातला युक्तिवाद सांगून मग कुठे गळते तेही सांगतात. खरं सांगायचं तर दहातली आठ पुस्तकं परीक्षण वाचूनच निपटतात, उरलेली दोन पूर्ण वाचायची. केंब्रिज एलिमेंट्स नावाची छोट्या पुस्तकांची मालिका आहे, प्रत्येक नवं पुस्तक आलं की पहिले दोन आठवडे फुकट डाउनलोड करता येते, तेव्हा अधूनमधून डोकावत रहा. आणि डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्समध्ये कायमची फुकट पुस्तकं शोधता येतात.

आता गेल्या काही वर्षांतली माझ्या पसंतीची. प्रदीप गोखल्यांचं 'लोकायत/चार्वाक: अ फिलॉसॉफिकल इन्क्वायरी', ऑक्सफर्ड, 2015. आपल्या प्रश्नावर यापेक्षा चांगलं पुस्तक मला माहीत नाही. ते म्हणतात चार्वाक म्हणजे एकच मत नाही, जयराशीसारखा सगळं नाकारणारा आहे, फक्त प्रत्यक्ष मानणारे आहेत, आणि पुरंदरासारखा व्यवहारापुरतं अनुमान मानणाराही आहे. एवढं कळलं तरी नोट्समधला तो तुपाचा श्लोक किती अपुरा आहे ते दिसते. त्यांचंच 2020 चं योगसूत्रावरचं पुस्तक आहे, योगदर्शनाची बौद्ध मुळं दाखवणारं, वाद घालायला मस्त.

मॅथ्यू दास्ती आणि स्टीफन फिलिप्स यांनी न्यायसूत्रांतले निवडक भाग जुन्या भाष्यांसकट इंग्लिशमध्ये आणले, 2017, हॅकेट प्रकाशन. न्याय वाचायला घेणाऱ्या नव्या माणसाला मी हेच देतो. फिलिप्सनीच गंगेशाच्या तत्त्वचिंतामणीचा तीन खंडी अनुवाद 2020 मध्ये काढला, तो विकत घ्यायची गोष्ट नाही, लायब्ररीनं घ्यायची आहे, मागणीची चिठ्ठी टाका. पीटर ॲडमसन आणि जोनार्डन गनेरी यांचं 'क्लासिकल इंडियन फिलॉसॉफी', 2020, छोटी छोटी प्रकरणं, बोलल्यासारखी भाषा. ते तर मूळ पॉडकास्टच, 'हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी विदाउट एनी गॅप्स', 2010 पासून चालू आहे, भारताची मालिका पूर्ण फुकट ऐका. वर्धा-नागपूर अपडाउन करणाऱ्यांचे किती तरी तास असे सत्कारणी लागतील. बौद्ध तत्त्वज्ञानासाठी यान वेस्टरहॉफचं 'द गोल्डन एज ऑफ इंडियन बुद्धिस्ट फिलॉसॉफी', 2018, आणि नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेचा सिडरिट्स-कात्सुरा अनुवाद, 2013. रामटेकजवळच्या टेकडीला नागार्जुनाचं नाव लागलेलं आहे, इथल्या पोरांनी हा माणूस वाचलाच पाहिजे असं आपलं माझं मत.

आंबेडकरांवर काम करणारे आपल्याकडे खूप. त्यांनी स्कॉट स्ट्राउडचं 2023 चं पुस्तक पहावं, कोलंबियात बाबासाहेब जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले आणि तिथून घेतलेल्या प्रॅग्मॅटिझमला त्यांनी स्वतःचं कसं करून टाकलं ते त्यात आहे. पण त्याआधी मूळ लेखन. महाराष्ट्र शासनानं काढलेले रायटिंग्ज अँड स्पीचेसचे इंग्लिश खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये आहेत. फिलॉसॉफीवाल्यांनी तिसरा खंड, ज्यात हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरचं लेखन आणि बुद्ध व मार्क्सवरचं आहे, आणि अकरावा, म्हणजे 'द बुद्धा अँड हिज धम्म', हे दोन तरी उतरवावे.

पाश्चात्त्यमध्ये नवीन आणि वाचायला मजेदार पाहिजे तर चामर्सचं 'रिॲलिटी प्लस', 2022, देकार्तचा संशय व्हर्च्युअल रिॲलिटीतून पुन्हा उभा केलाय. जाड आहे, पण पळते.

6. कोर्स आणि नेट-सेट

इथे जास्त बोलत नाही. इग्नूचं साहित्य ईज्ञानकोशवर फुकट आहे, एमपीवाय 001 भारतीय आणि 002 पाश्चात्त्य, दोन्ही नेटवाल्यांना पुरतात. ई-पीजी पाठशालेत टेक्स्ट आणि व्हिडिओ दोन्ही आहे, दर्जा लेखकागणिक बदलते. 'स्वयम्' या सरकारी साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स ऐकणं फुकट, सर्टिफिकेट पाहिजे तरच परीक्षेची फी. यूजीसी नेटमध्ये आपला विषय कोड 03, पेपर इंग्लिश आणि हिंदीत येतो, मराठीत नाही, म्हणून मराठी मीडियमवाल्यांनी हिंदी पारिभाषिक शब्द आधीच ओळखीचे करून घ्यावेत, परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाहिले की गोंधळ होते. लॉजिकला घाबरत असाल तर 'फॉर ऑल एक्स' या लॉजिकच्या पुस्तकाची कॅलगरी आवृत्ती उतरवा, फुकट आहे, आणि एक्सरसाइज हातानं सोडवा, नुसतं वाचून लॉजिक कोणालाच येत नाही.

7. संदर्भ ठेवणं, आणि एआय

पहिल्या दिवसापासून झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये एक बटन येते, दाबलं की पुस्तकाची माहिती आपोआप जमा. पीडीएफ ठेवायला 300 एमबी ऑनलाइन जागा मिळते, जास्त असेल तर आपल्या कॉम्प्युटरवरच ठेवा. हे केलं नाही तर सबमिशनच्या आदल्या रात्री "हे वाक्य कुठल्या पानावर होतं" करत बसावं लागते.

चॅटबॉटला चार्वाकांवरचे पेपर विचारले तर तो झक्कास यादी देतो, लेखकाचं नाव, वर्ष, जर्नल, सगळं, आणि त्यातले काही पेपर जगात कुठेच नसतात. अडलेला परिच्छेद सोपा करून मागायला वापरा, पण कोणतंही शीर्षक फिलपेपर्सवर सापडल्याशिवाय तुमच्या यादीत घेऊ नका. व्हायवाला बसलेले सर एखादाच संदर्भ उघडून पाहतात आणि नेमका तोच निघतो.

8. आता खिशातून पैसे काढा

आता प्रश्न घेऊन एवढं फिरून झालं, तर विकत घ्यायला दोनतीनच पुस्तकं उरली असतील. भारतीय ग्रंथांच्या बाबतीत मोतीलाल बनारसीदासची आवृत्ती आहे का ते आधी पहा, बाहेरच्या महाग पुस्तकांची स्वस्त भारतीय छपाई ते करत आलेत. ऑनलाइन साइटवर साउथ एशिया एडिशन असं लिहिलेलं असलं की किंमत बरीच खाली येते. बर्डीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारा, फिलॉसॉफीचं ठरवून काही मिळत नाही, पण निवृत्त प्राध्यापकांच्या घरची रद्दी तिथे येते आणि मधेच एखादं भारी निघून जाते. शासनानं छापलेले ग्रंथ सिव्हिल लाइन्सच्या शासकीय ग्रंथागारात सरकारी किमतीत मिळतात, जे पाहिजे ते स्टॉकमध्ये आहे का ते आधी विचारून जा.

आणि दसऱ्याला दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात की एका दिवसात सगळे पाहून होत नाहीत. आंबेडकर, बौद्ध तत्त्वज्ञान, चार्वाक, फुले, सुधारकी परंपरा, मराठी-हिंदी दोन्ही, छोट्या छोट्या प्रकाशकांचं असं साहित्य येते जे ऑनलाइन कुठे दिसत नाही. मुख्य दिवशी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जमलं तर एकदोन दिवस आधी जा, स्टॉल लागायला सुरुवात झालेली असते आणि विक्रेत्याशी बोलताही येते. एकाच पुस्तकाच्या तीनचार प्रकाशकांच्या आवृत्त्या असतात, किंमत पाहून उचलू नका, अनुवादकाचं नाव आणि मागे सूची आहे का ते पहा. यादी कागदावर लिहून न्या, त्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि पिशवी कापडी, मजबूत.